शेवंती, आठवडा आठवा: खुंटा हलला

काल सकाळी साडेसहाला नाशिकमधल्या आनंदवलीच्या मोकळ्या प्लॉटवर दोर ताणला गेला आणि माझी कुत्री शेवंती बसली नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एक पाऊल माझ्या दिशेने टाकलं, दोर सैल पडला, मी भाकरीचा तुकडा दिला. मग पुन्हा. असं अकरा वेळा. ज्यांनी मोठं झालेलं कुत्रं घरी आणलंय, त्यांना या अकरा पावलांची किंमत सांगायला नको. मी तिथेच दवाने भिजलेल्या गवतात बसले आणि मला रडू आलं.

मागच्या नोंदीत मी जवळजवळ हात टेकले होते. लिफ्टपर्यंत ठीक, पार्किंगमध्ये ठीक, आणि लीशला, म्हणजे फिरवायच्या दोरीला, जरा ताण आला की संपलं. पोट जमिनीला, कान मागे, जीभ सारखी नाकावरून फिरतेय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. दुखण्याची शंका आधीच फेडून घेतली होती. खुब्यांचा एक्स-रे स्वच्छ, नखं कापलेली, गोचीडतापाची रक्ततपासणी निगेटिव्ह. एवढं केल्याशिवाय कुणीही ट्रेनिंगच्या मागे लागू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. दुखतंय म्हणून न चालणारं कुत्रं आणि घाबरून न चालणारं कुत्रं बाहेरून सारखंच दिसतं. हार्नेसही (अंगावर घालायचे पट्टे) दोन बदलून झाले. छातीवर आडवा पट्टा येणारा खांद्याला अडवतो, म्हणून आता वाय आकाराचा आहे आणि तो तिला मानवलाय.

कोडं सुटलं ते एका फोनवर. शेवंती निफाडकडच्या एका द्राक्षबागेतून आलेली, वय अंदाजे पाच. तिथे राखणीला असणाऱ्या मामांना मी सहज विचारलं, "मामा, तिची साखळी केवढी होती?"

"आसंल सहा-सात फूट. शेडच्या खांबाला. खांबाभोवती गोल चरी पडली होती बघा तिच्या फिरण्याने. का वं ताई?"

माझी लीश सहा फुटांची आहे.

फोन ठेवला आणि गेल्या सात आठवड्यांतलं सगळं डोळ्यांसमोर आलं. पार्किंगमध्ये ती कधीच सरळ चालत नव्हती, माझ्याभोवती कमानीसारखी फिरायची. मी त्याला खेळ समजत होते. तिच्या लेखी मी खुंटा होते. आणि दावं ताणलं की पुढे जग नाही, हे ती पाच वर्षं रोज शिकली होती. आपल्या कुत्रेवाल्यांत सगळे म्हणतात की ओढलं की कुत्रं उलट जोर लावतं. हिने तो जोर लावणं कधीच सोडून दिलंय.

मग दहा मीटरचा दोर आणला. पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. दोर जमिनीवर सैल पडलाय, मी तिच्या मागे, समोर अख्खा प्लॉट मोकळा. ती चालत गेली आणि थांबली. मी टेप लावून मोजलं: पावणेसात फूट. ताण नाही, काही नाही, साखळीचं माप अंगातच बसलेलं. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी तिने पुढचा उजवा पाय उचलला, बराच वेळ हवेत धरला, पंजा किंचित थरथरत होता. मग तो त्या अदृश्य रेषेपलीकडे ठेवला आणि लगेच मागे घेतला. मी श्वास रोखून उभी. दुसऱ्यांदा ठेवला तो ठेवलाच.

चिकन तिने बाहेर कधीच खाल्लं नव्हतं. कुत्रं आवडीचं खाणं नाकारतं तेव्हा ते भीतीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेलं असतं, हे आपल्याला पाठ आहे. पण ज्वारीची भाकरी तिने खाल्ली. बागेत पाच वर्षं तेच मिळायचं. ओळखीचा वास, एवढंच. घाबरट कुत्र्यासाठी महागडी ट्रीट शोधत बसण्याआधी ते आधी काय खात होतं, हे विचारा.

त्याच्या जोडीला घरी दाब-सोडचा सराव. हॉलमध्ये बसून दोर दोन बोटांत धरायचा, गजऱ्याचा दोरा ताणावा इतकाच ताण द्यायचा आणि थांबायचं. तिने वजन माझ्याकडे नुसतं कलवलं तरी त्याच क्षणी सोडायचं. बक्षीस म्हणजे ते सोडणं, भाकरी नंतर. सोडायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ती गोंधळते, हे मी तीनदा पाहिलं. दिवसाला पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही.

एका ट्रेनरने सांगितलं होतं, "ओढत न्या, चार दिवसांत सरळ होईल," आणि दाखला दिला सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७च्या प्रयोगांचा. टाळता न येणारे विजेचे झटके बसलेली कुत्री नंतर सुटायची वाट असूनही गप्प पडून राहिली, तो हा प्रयोग. हताश झालेल्या त्या कुत्र्यांना पुढे खरोखरच लीशने ओढून झटका नसलेल्या बाजूला नेलं होतं, हे खरं. पण तिथे ओढण्याने कुत्रं विजेच्या झटक्यातून बाहेर पडत होतं. शेवंतीच्या बाबतीत ओढ हाच झटका आहे. शिवाय त्याच दोघांनी २०१६ मध्ये लिहिलं की आपण आधी उलटं वाचलं होतं. सतत त्रास होत राहिला की गप्प पडून राहणं आपोआप येतं, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने काहीतरी बदलतं' हे. तिच्या एका पावलाने दोर सैल होतो. मला तिला एवढंच शिकवायचंय.

सामानाबद्दल थोडं. मागे-पुढे होणारी स्प्रिंगची लीश अशा कुत्र्याला अजिबात लावू नका. तिचा ताण कधी जातच नाही, आणि शेवंती तिच्यावर घरातसुद्धा हलली नाही. नायलॉन हात कापतो. भद्रकालीतल्या दोरखंडाच्या दुकानातून सुती दोर मापाने कापून घेतला, पितळी हूक वेगळा बसवला. ऑनलाइनच्या लाँग लीशपेक्षा स्वस्त आणि हाताला मऊ. लांब दोर कायम हार्नेसलाच, कॉलरला नाही, आणि हाताला गुंडाळायचा नाही.

आज मात्र माघार. कालच्या भरात सहा फुटी लीश लावून सोसायटीच्या गेटबाहेर काढली. चेंबरच्या झाकणापाशी ताण आला आणि पोट जमिनीला. उचलून आणावं लागलं. घाई मी केली, त्रास तिला झाला, आणि याचं मला फार वाईट वाटतंय.

ठरवलं होतं की दर आठवड्याला दोर एकेक मीटर कमी करत सहा फुटांवर यायचं. पण हे लिहिताना वाटतंय, सहा फुटांवर यायचंच कशाला? ते तर तिच्या साखळीचं माप. तीन मीटरवरच थांबते. गल्लीत वाहन आलं तर हातात गोळा करता येतो एवढा तो आहे. आणि ताण येण्याआधी आवाज द्यायचा, "चल शेवंती," म्हणजे वळायचं कधी हे तिला दोराआधी माझ्याकडून कळेल. दहा दिवस प्लॉटवरच. मग गोदापार्क, तेही उजाडायच्या आत. गोल्फ क्लबच्या मैदानाचं नाव सध्या नको, सकाळची गर्दी तिला झेपणार नाही.

दोर गॅलरीत वाळत घातलाय. ती त्याच्याखालीच झोपली आहे, टोक पंजाखाली घेऊन.