बुटाचा नंबर आणि एक क्वेरी

ऑपरेशन नाकातून झालं आणि नीट झालं. त्याबद्दल मी फार काही सांगू शकत नाही, भुलीत होतो. सांगायचंय ते पुण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या टीपीए डेस्कबद्दल, म्हणजे आरोग्य विम्याचे क्लेम जिथून मंजुरीला जातात त्या टेबलाबद्दल. तिथे आमचे सहा दिवस गेले.

आजार अ‍ॅक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात १४ मिलिमीटरची गाठ. त्यातून ग्रोथ हार्मोन जास्त सुटतं आणि हात, पाय, जबडा हळूहळू वाढत राहतात. दातांत फटी पडल्या म्हणून डेंटिस्टकडे गेलो, तर त्यांनी दात सोडून माझे हातच निरखले. पुढे आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोन किती सुटतंय ते दाखवणारी रक्ततपासणी), ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन पुन्हापुन्हा रक्त, एमआरआय, डोळ्यांची फील्ड टेस्ट. आठवड्यात उरकलं.

सर्जननी जुने फोटो मागितले. चेहरा कधीपासून बदलला ते त्यावरून कळतं, तेव्हा अल्बम शोधून ठेवा. फोटो बघता बघता मी ज्युनिअर डॉक्टरांना उत्साहाने सांगितलं, "पाचेक वर्षांत बुटाचा नंबर सातचा नऊ झाला." त्यांनी ते केसपेपरवर उतरवलं. विम्याची पॉलिसी होती सव्वादोन वर्षांची.

"सर, क्वेरी आलीये." क्वेरी म्हणजे विमा कंपनीची शंका. हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. लक्षणं पॉलिसीच्या आधीची, म्हणजे आजार पूर्वीचा! कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, २०२४ चा नियम आहे. पण प्रत्येक क्वेरीला घड्याळ नव्याने सुरू. तिसऱ्या क्वेरीत त्यांनी एमआरआयचा रिपोर्ट मागितला, जो पहिल्याच दिवशी दिला होता. मी डेस्कवर आवाज चढवला. उपयोग शून्य.

मार्ग बायकोने काढला. तिने पॉलिसी वाचली (मी सव्वादोन वर्षांत उघडलीही नव्हती). पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर सल्ला-उपचार झाले तो. नुसता बूट घट्ट होणं त्यात बसत नाही. आता सर्जनचं पत्र हवं होतं, आणि सर्जन त्या दिवशी फिट्सच्या एका पेशंटच्या ऑपरेशनला सकाळी आठला आत गेलेले. ही ओटीबाहेर डबा घेऊन बसली. सात वाजता ते बाहेर आले, म्हणाले, "पेन आहे का?" आणि उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या: निदान प्रथम या तारखेला, त्याआधी निदान किंवा उपचार नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत मंजुरी.

तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका, पण पहिल्या निदानाची तारीख पहिल्याच कागदावर लिहून घ्या. आणि हो, ऑपरेशननंतर नाक शिंकरायचं नाही. लघवी मोजतात, लाजू नका.

हातांची सूज चार दिवसांत उतरली. लक्ष्मी रस्त्यावर कापून घेतलेली लग्नातली अंगठी जोडून आणलीय. बूट मात्र नऊचेच, वाढलेलं हाड परत येत नाही.