पावस नाय बघलंस?

बॅग घेऊन माडीवरून खाली आले तर काकी खळ्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पालटत बसलेल्या, वर न बघताच म्हणाल्या, "पावस नाय बघलंस, मगे मालवण काय बघलंस गो?"

पावस म्हणजे इथला पाऊस. दुपारपासून तेच डोक्यात आहे.

टूर कंपनीने मला सीझनपुरतं मालवणात पाठवलं होतं, नोव्हेंबर ते मे. रोज ग्रुप घेऊन जेटी, होडीतून सिंधुदुर्ग, मग तारकर्ली, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा, आणि प्रत्येक ग्रुपला मी मनापासून सांगायचे की 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. वाटायचं, गाव कळलं आपल्याला.

पण काकींच्या पडवीला झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधून झालीत, लाकडं रचून झालीत, सुंगटं आता डब्यात जातील. 1 जूनपासून ट्रॉलर बंद, पावसाळाभर किल्ल्याच्या होड्याही बंद. अख्खा मे महिना त्या या बेगमीत होत्या आणि मी त्यांच्याच घरात राहून रोज सकाळी त्यांच्या बाजूने धावत निघायचे, एकदा पण शेजारी बसून सुंगटं पालटली नाहीत. याचं खरंच वाईट वाटतंय.

निघताना त्यांनी कागदात बांधून मूठभर सुंगटं दिली, म्हणाल्या आधी तव्यावर भाजून घे. एसटीत बॅगेला तोच वास येतोय.

जुलैत चार दिवस सुट्टी काढून जायचं म्हणतेय, ग्रुपशिवाय, नुसतं पडवीत बसायला. मालवणातला पाऊस कुणी राहून बघितलाय का?