प्रोबेट लटकलेलं असताना बाबांच्या एफडीचे पैसे: माझा अनुभव

मृत्युपत्र करून ठेवलं की मागच्यांना त्रास नाही, असं बाबा म्हणायचे. हायकोर्टात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाचा, अर्ज गेला, वारसांच्या संमती जोडल्या आणि मग नुसतं थांबणं. तोवर सोसायटीचा मेंटेनन्स आणि आईची औषधं थोडीच थांबणार? अमेरिकेतली ताई म्हणाली, तिकडे वारशाच्या हिश्श्यावर आगाऊ पैसे देणाऱ्या कंपन्या असतात. इथे एका ओळखीच्या सावकाराने व्याज सांगितलं, तेवढं ऐकून मी फोन ठेवला.

आमच्या एफडीवर आईचं नॉमिनेशन होतं, पावतीवर छापलेलं. म्हणजे प्रश्नच नव्हता. पण बँकेतल्या साहेबांनी सहज विचारलं, "काकू, मृत्युपत्र आहे का?" आई अभिमानाने म्हणाली, "हो, रजिस्टर्ड आहे." झालं! "मग प्रोबेट आणा. त्याशिवाय काही करता येत नाही."

नॉमिनी असेल तर प्रोबेट, वारस दाखला, जामीन यातलं काहीही मागायचं नाही आणि कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असं रिझर्व्ह बँकेने जून २००५ मध्येच बँकांना कळवलं होतं. मी ते परिपत्रक छापून नेलं. साहेबांनी उलटसुलट करून पाहिलं, म्हणाले, "जुनं आहे हे." रद्द झालंय का, विचारलं तर, "लीगलला पाठवतो." हे लीगल कुठे बसतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या खेपेला खुर्चीत दुसऱ्याच बाई, पुन्हा श्रीगणेशा. त्यांना ताईची संमती हवी होती, शिवाय स्टँपपेपरवर हमीपत्र आणि दोन जामीनदार. आई बाकावर बसून होती आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नाही म्हणताय ना, मग कोणत्या नियमाने ते लेखी द्या."

लेखी कुणीच देईना. तिथून चक्रं फिरली. मी तक्रार अर्ज दिला, पोच शिक्क्यासकट घेतली (तोंडी तक्रार म्हणजे हवा) आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) मेल टाकला. त्यात ठेवींच्या नॉमिनेशनचं, बँकिंग कायद्याचं कलम ४५झेडए लिहिलं आणि एकच प्रश्न विचारला: पैसे देऊ नका असा कोर्टाचा हुकूम तुमच्याकडे आहे का? नव्हताच. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही कळवलं. तिथवर जावं लागलं नाही. पैसे आले. मुदतीआधी एफडी मोडल्याचा दंड कापला नव्हता. मृत्यूनंतर तो कापायचा नसतोच, कापला तर भांडा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र विसरू नका. पैसे शेवटी मृत्युपत्राप्रमाणेच वाटायचे. मृत्युपत्राचे एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे वाटप करायची जबाबदारी असलेले, माझे मामा. त्यांनी वेगळं खातं काढायला लावलं, खर्चाची वही ठेवायला लावली आणि दर महिन्याला ताईला त्या वहीचा फोटो पाठवायला लावला. "माझ्याच नवऱ्याचे पैसे आणि मीच हिशोब देऊ?" म्हणून आई फुगली होती, पण वही तिनेच लिहिली.

हो, आणि लॉकरचा नॉमिनी आजच तपासा. आमच्या लॉकरला नव्हता, तो अजून बंदच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने वारसा कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं, म्हणजे मुंबईतली प्रोबेटची सक्ती गेली. ही बातमी काउंटरपर्यंत कधी पोचेल देव जाणे. तुम्ही छापूनच न्या.