आमची वाटचाल : रोममधली मोकळी दुपार

आमची संस्था लहान आहे. वर्षातून चार-पाच सहली, प्रत्येक सहलीत जास्तीत जास्त चौदा जण आणि सातही दिवस मुक्काम एकाच शहरात, रोममध्ये. बारा दिवसांत दहा शहरे दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करण्याची आमची ऐपत नव्हती आणि खरे सांगायचे तर तशी इच्छाही नव्हती. प्राचीन इतिहासाची मनापासून आवड असलेल्यांनाच बरोबर न्यायचे आणि त्यांना सावकाश हिंडू द्यायचे, एवढ्या भांडवलावर माझ्या भागीदार बाईंनी आणि मी हे काम सुरू केले. बाई तोपर्यंत इतिहास शिकवत होत्या आणि मी एका प्रवास कंपनीत तिकिटांचे काम पाहत होतो. कार्यक्रमपत्रिकेतल्या ज्या ओळीने आमच्या डोक्याला सर्वाधिक ताप दिला, ती होती ‘यानंतर मोकळा वेळ’.

ही ओळ आम्ही हौसेने घातलेली नव्हती. इटलीत प्राचीन स्थळांवर माहिती सांगण्याचे काम परवानाधारक मार्गदर्शकानेच करायचे असते, त्यामुळे बाईंचा अभ्यास कितीही दांडगा असला तरी फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, अवशेषांत उभे राहून गटापुढे व्याख्यान देणे त्यांना शक्य नव्हते. मार्गदर्शकाला आम्ही अर्ध्या दिवसासाठी बोलावत असू, आणि पॅलाटाइन टेकडीच्या चढणीवर तीन तास घालवल्यानंतर साठीच्या पुढच्या माणसांत आणखी काही ऐकण्याची ताकदही उरत नसे. शिवाय कोलोसियमची तिकिटे ऑक्टोबर 2023पासून नावानिशी काढावी लागतात, त्यावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि ती आपल्या सोयीची मिळेलच असे नाही. वेळ दुपारी तीनची मिळाली की सकाळ रिकामी, सकाळची मिळाली की दुपार रिकामी.

पहिल्या सहलीत मी प्रत्येकाच्या हातात एकवीस स्थळांची यादी ठेवली आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात हॉटेलवर हिशेब लिहीत बसलो. संध्याकाळी कळले की निम्मे लोक कोणते स्थळ निवडावे याच घोळात खोलीबाहेर पडलेच नव्हते, आणि दोघे जण कोलोसियमपासून काही मिनिटांवर असलेल्या सान क्लेमेंते चर्चच्या बंद दारासमोर ऊन खात उभे राहिले होते. रोममधली अनेक चर्च भर दुपारी काही वेळ बंद असतात, हे मला ठाऊक होते. यादीत लिहायला मात्र मी विसरलो होतो. एका गृहस्थांनी परतल्यावर पत्र लिहून विचारले, की तुम्ही आम्हाला मोकळा वेळ विकत दिलात काय? प्रश्न झोंबला, पण गैरवाजवी नव्हता.

त्यावरचा आमचा पहिला उपाय रोगापेक्षा वाईट ठरला. पुढच्या दोन सहलींत एकही तास रिकामा राहू द्यायचा नाही, असा चंग मी बांधला. त्याच भरात सगळ्या गटाला मी पालाझ्झो मास्सिमो या संग्रहालयात नेले तो वार नेमका सोमवार होता आणि सोमवारी ते बंद असते. तेरा माणसे पायरीवर आणि मी कुलूपबंद दारासमोर, हे दृश्य आठवले की आजही कानशिले तापतात. उरलेल्या दिवसांतही लोक माझ्या मागून मुकाट्याने चालत राहिले. तक्रार कोणी केली नाही, पण चौथ्या दिवसानंतर कोणी प्रश्नही विचारेना. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने प्रश्न विचारणे थांबवले, तर सहल फसली असे मी समजतो.

वळण बाईंनी दिले. त्यांचे म्हणणे असे, की एका मोकळ्या वेळेला एकच जागा सुचवावी, त्या जागेत काय निरखून पाहायचे तेही एकच सांगावे, आणि ज्याला यायचे नसेल त्याला कारण विचारू नये. तेव्हापासून आम्ही प्रत्येक जागेचे अर्ध्या पानाचे टिपण देतो. त्यात दार कधी उघडते आणि कधी मिटते, बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी असते आणि इतिहास नंतर.

पालाझ्झो मास्सिमोच्या टिपणात आता वाराखाली जाड रेघ असते. रोमच्या उत्तर वेशीवरच्या प्राइमा पोर्टा येथील लिव्हियाच्या, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या पत्नीच्या, वाड्याचे अवशेष 1863मध्ये उजेडात आले. तिथल्या एका दालनाची चारही भिंतींवरची चित्रे काढून या संग्रहालयात तशीच मांडली आहेत. डाळिंबाची आणि इतर फळझाडे, पक्षी, बुटके कुंपण आणि मागे निळसर आकाश, अशी ती रंगवलेली बाग आहे. मूळ दालन अर्धे जमिनीखाली होते आणि उन्हाळ्याच्या तापात गारव्याला बसण्यासाठी त्याचा उपयोग होत असावा, असे मानले जाते. म्हणजे दुपारचे काय करायचे हा प्रश्न लिव्हियालाही पडला होता, असे बाई गमतीने म्हणतात. याच इमारतीत 1885मध्ये सापडलेला, दमून बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्यासाठी आमच्या टिपणात इतकेच लिहिले आहे : तांबूस ठिपके शोधा. चेहऱ्यावरच्या जखमा तांबे जडवून केलेल्या आहेत, तसेच थेंब उजव्या हातावर आणि मांडीवर आहेत, म्हणजे मान वळवताना रक्त तिथे ठिबकले असावे. हे ज्याचे त्याने शोधून काढले, की पुतळ्यासमोरून हलायला कोणी तयार होत नाही.

तिकीट लागत नाही आणि दारही नाही, अशा जागा आमच्या विशेष लाडक्या. पोर्टा माजोरे या प्राचीन वेशीजवळ, ट्रामच्या रुळांच्या गजबजाटात, मार्कस व्हर्जिलियस युरिसाकेस नावाच्या पाववाल्याची इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली समाधी उभी आहे. सम्राट होनोरियसच्या काळातले बुरूज 1838मध्ये पाडले तेव्हा ती मोकळी झाली. तिच्यावरची मोठी गोल भोके कणीक मळण्याच्या यंत्रांची की धान्याच्या मापांची, यावर मतभेद आहेत. वरच्या पट्टीवर मात्र दळण्यापासून भट्टीपर्यंतचे सारे काम कोरलेले स्पष्ट दिसते. राजे आणि सेनापती यांचीच स्मारके पाहून आलेल्या माणसांना हा धंदेवाईक माणूस फार जवळचा वाटतो, आणि स्वतःचा धंदा चालवणारा म्हणून मलाही. तोर्रे आर्जेन्तिना चौकातली चार मंदिरेही रस्त्याच्या कठड्यावरून दिसतात. त्यांच्या मागे पॉम्पी या रोमन सेनापतीने बांधलेल्या सभागृहाच्या पायाचा अवशेष आहे, आणि सीझरवर इसवी सनपूर्व 44मध्ये 15 मार्चला वार झाले ते त्या सभागृहात, फोरममधल्या सिनेटगृहात नव्हे. आमच्या गटातले निदान निम्मे लोक तोवर उलट समजत असतात.

सान क्लेमेंतेलाही आम्ही पुन्हा जागा दिली, दुपारच्या सुट्टीची नोंद करून. बाराव्या शतकातल्या चर्चखाली चौथ्या शतकातले चर्च, त्याखाली रोमन इमारती आणि मिथ्रदेवाचे मंदिर. मुलूली नावाच्या पाद्र्यांनी 1857मध्ये इथे खोदकाम सुरू केले. सगळ्यांत खालच्या मजल्यावर वाहत्या पाण्याचा आवाज येतो, तो ऐकण्यासाठी दोन मिनिटे कोणीही बोलू नये, एवढी एकच सूचना आम्ही करतो.

अर्थात आमचा अंदाज अजूनही चुकतो. गेल्या सहलीत एका सेवानिवृत्त अभियंत्यांना आम्ही चेंत्राले मोन्तेमार्तिनी सुचवले. हे 1912मध्ये सुरू झालेले वीजकेंद्र. त्याच्या यंत्रांमध्येच 1997पासून कॅपिटोलाइन संग्रहालयाचे प्राचीन पुतळे मांडलेले आहेत. काळ्या यंत्रासमोरचा पांढरा संगमरवर पाहा, असे टिपणात होते. गृहस्थ दार मिटेपर्यंत डिझेल इंजिनांपाशीच होते. पुतळे राहून गेले म्हणून दुसऱ्या दिवशी गटाबरोबर न येता ते पुन्हा एकटेच तिकडे गेले, आणि आम्ही त्यांची जेवणाची वेळ तासाभराने पुढे ढकलली.