खिडकीतलं पोस्टर

"मत लेबर पक्षालाच देणार, पण खिडकीत पोस्टर नाही लावणार यावेळी," इथे ब्रिटनमध्ये शेजारचे आजोबा आज कचऱ्याचा डबा बाहेर ओढता ओढता म्हणाले, आणि ते पोस्टरचंच डोक्यात बसलंय.

पेन्शनरांचा हिवाळ्यातला हीटिंगचा भत्ता लेबरच्याच सरकारने बहुतेकांचा काढला, मग आरडाओरडा झाल्यावर २०२५ मध्ये बऱ्याच जणांना परत दिला, तरी राग काही उतरलेला नाही. २०२४ ला लेबरकडून पंतप्रधान झालेल्या स्टार्मरचं नाव काढलं की नुसते खांदे उडवतात.

२०२४ च्या निवडणुकीत लेबरच्या ४११ जागा आल्या खऱ्या, पण मतं जेमतेम ३४ टक्के. आणि वर्षाच्या आत रनकॉर्नची लेबरची हक्काची सीट पोटनिवडणुकीत उजव्या रिफॉर्म पक्षाने नेली, फक्त ६ मतांनी! म्हणजे असे सात आजोबा रुसून घरी बसले की झालंच.

भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, त्यामुळे यादीत मीही आहे. प्रचाराला दारावर आले तर काय सांगायचं त्यांना?