मात्रामोजणीची वही: ‘सवलत’ हा रकाना खोडावा लागला

गेल्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिले होते की, जुन्या कवितेकडून नव्या कवितेकडे येताना वृत्ताची शिस्त सैल होत जाते आणि माझ्या तक्त्यातल्या ‘सवलत’ या (मात्रांचा हिशेब न जुळणाऱ्या ओळींच्या) रकान्यातून ते स्वच्छ दिसते. तो निष्कर्ष आज मागे घेत आहे. सवलत कवींनी घेतलेली नव्हती. मोजणीच चुकत होती, आणि ती सलग तीन आठवडे चुकत होती.

खटका उडाला तो केशवसुतांच्या १८९३ सालच्या ‘तुतारी’पाशी. पादाकुलक वृत्ताच्या ओळीला आठ-आठच्या दोन आवर्तनांत सोळा मात्रा हव्यात (लघू म्हणजे आखूड अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे लांब अक्षराच्या दोन). ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ सोळा, ‘फुंकिन मी जी स्वप्राणाने’ सोळा, ‘भेदुनि टाकिन सगळी गगने’ सोळा. आणि ‘दीर्घ ज्या तिच्या किंकाळीने’ या ओळीला मात्र मोजणीयंत्राने अठरा मात्रा दाखवल्या. मर्ढेकरांच्या ‘पिपात मेले ओल्या उंदिर’मध्येही दुसऱ्याच ओळीला, ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ला, अठरा. या दोन्ही ओळी मी ‘सवलत’ रकान्यात टाकून मोकळा झालो होतो. परवा रात्री त्याच ओळी टेबलावर टिचक्या मारत मोठ्याने म्हटल्या, तर एकही टिचकी चुकेना. कान सोळा म्हणतो आणि तक्ता अठरा म्हणतो, अशा वेळी तक्त्यावर संशय घ्यायला हवा, एवढी साधी गोष्ट मला फार उशिरा सुचली.

चुकीचे मूळ माझ्या सुरुवातीतच होते. मोजणीचे नियम मी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर बेतले होते. ‘कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’ या पृथ्वी वृत्तातल्या ओळीत ‘र्व’मागचा ‘स’ गुरू धरलाच पाहिजे, आणि ‘भवच्चरित्री’ या एका शब्दात तर जोडाक्षरामागचे दोन लघू गुरू होतात. त्या संस्कृतप्रचुर भाषेत जोडाक्षरामागचे अक्षर गुरू हा नियम एकदाही दगा देत नव्हता, म्हणून मी तो सर्वांना सरसकट लावला. ‘तिच्या’मधली ‘ति’ आणि ‘पडल्या’मधला ‘ड’ मात्र उच्चारात लघूच राहतात, कारण मागच्या अक्षरावर आघातच, म्हणजे उच्चाराचा जोरच, येत नाही.

पहिली दुरुस्ती म्हणून पुढच्या शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर मोजणीतून वगळले. तुतारीची ओळ अठरावरून सतरावर आली, मर्ढेकरांची जागची हलली नाही. मग ‘य’कारान्त जोडाक्षरे सरसकट निराघात, म्हणजे मागच्या अक्षराला गुरू न करणारी, धरली. दोन्ही ओळी सोळावर आल्या, आणि खोटे कशाला बोलू, त्या रात्री मी स्वतःसाठी चहा केला. सकाळी पडताळ्यासाठी मनाचे श्लोक घेतले आणि सगळे मुसळ केरात गेले. ‘मना पापसंकल्प सोडोनि द्यावा, मना सत्यसंकल्प जीवी धरावा’: भुजंगप्रयातात लघु-गुरु-गुरु हा गण चार वेळा यायला हवा. तो येण्यासाठी पहिल्या ओळीत ‘द्या’मागची ‘नि’ लघू राहावी लागते आणि दुसऱ्या ओळीत ‘त्य’मागचा ‘स’ गुरू व्हावा लागतो. दोन्हीकडे ‘य’चेच जोडाक्षर, आणि वागणूक मात्र उलट.

या दोन ओळींवर मी अख्खा रविवार घालवला आणि तो सार्थकी लागला. समर्थ सतराव्या शतकात कानाने जो भेद करतात, तोच केशवसुत एका कडव्यात करतात (‘स्वप्राणाने’मधला ‘स्व’ गुरू, ‘तिच्या’मधली ‘ति’ लघू), आणि मर्ढेकर तर एकाच ओळीत: ‘माना पडल्या, आसक्तीविण’. ‘पडल्या’मधला ‘ड’ लघू, ‘आसक्ती’मधला ‘स’ गुरू, बेरीज बरोबर सोळा. मी जिथे जुन्या-नव्याची फारकत शोधत होतो, तिथेच तिघांचा कान एक निघाला.

सध्याचा नियम असा आहे की, मराठी प्रत्ययामुळे किंवा सामान्यरूपामुळे आलेला ‘या’ (तिच्या, पडल्या, मुरगळल्या) निराघात धरायचा आणि तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांतले जोडाक्षर साघात, म्हणजे मागच्याला गुरू करणारे, धरायचे. ‘कन्या’ आणि ‘विद्या’ बाहेरून ‘पडल्या’सारखेच दिसतात, त्यामुळे यंत्राला हे आपोआप कळणार नाही, शब्दसूची हाताने करावी लागेल. ‘दिव्य’ आणि ‘दिव्याखाली’ ही जोडी सूचीत सर्वांत वर घेतली आहे. व्याकरणातली लाडकी ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी इथे मात्र कुचकामी ठरते, कारण ‘चा’ मुळातच गुरू आहे. त्यापेक्षा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ कामाची.

इथे एक तक्रार नोंदवतो. एका संग्रहातून मी ज्या टंकित प्रती उतरवून घेतल्या, त्यांत ‘ऱ्या’ काही ठिकाणी स्वतंत्र अक्षराने, तर काही ठिकाणी न दिसणारे जोडचिन्ह घालून लिहिलेला आहे. मजकूर तक्त्यात चिकटवताना ते चिन्ह गळून पडते, दऱ्यांचा दर्या होतो आणि फुकटची एक मात्रा वाढते. छापील पुस्तक समोर ठेवून स्वतः टंकलेल्या ओळींवरच विश्वास ठेवावा, या मताला मी आलो आहे.

नुसती अक्षरे मोजायच्या अक्षरछंदांच्या आघाडीवर त्रास शून्य. देवद्वार छंदातले ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ पहिल्या फटक्यात सहा-सहा-सहा-चार आले, आणि मर्ढेकरांचे ‘किती तरी दिवसांत नाही चांदण्यात गेलो’ आठ-आठ. इथे लघुगुरूचा हिशेबच नसल्याने ‘चांदण्यात’मधला ‘ण्या’ कुणाला आडवा जात नाही.

पुढची नोंद मोरोपंतांच्या आर्यांवर ठरली होती. ती लांबणीवर टाकतो. हे लिहिता लिहिताच सुचले की, सूची करण्याऐवजी आधी मनाचे श्लोकच शब्दसूचीसारखे वापरावेत. भुजंगप्रयात इतका काटेकोर आहे की, २०५ श्लोकांतला कोणता ‘य’ साघात आणि कोणता निराघात, हे गण स्वतःच सांगतो. पहिले दहा श्लोक आज रात्री वहीत हाताने मांडतो. यंत्र तूर्त बंद.