पहिली ओळ बरोबर, बाकी शून्य

परदेशातल्या एका सुट्या भागांच्या वितरकाची ऑर्डर सिस्टीम आम्ही पुण्यातून सांभाळतो. ती युनिव्हर्सवर चालते. हा मल्टिव्हॅल्यू डेटाबेस आहे, म्हणजे एका फील्डमध्ये अनेक व्हॅल्यू मावणारा. तिमाहीअखेर तिकीट आलं की शाखावार विक्रीचा रिपोर्ट लेजरशी टॅली होत नाही, आणि फरक फक्त काही शाखांमध्येच आहे. 'डेटा करप्ट' हे निदान तिकिटातच लिहून टाकलेलं. मल्टिव्हॅल्यूत काहीही बिघडलं की हेच ऐकायला मिळतं.

डेटा ठणठणीत होता. एका ओळीच्या ऑर्डरी जुळत होत्या, अनेक ओळींच्या नव्या ऑर्डरी कमी भरत होत्या. जुन्या मात्र, कितीही ओळींच्या असोत, अचूक.

इथे ऑर्डरच्या ओळी वेगळ्या टेबलात नसतात. एका ऑर्डरचं एकच रेकॉर्ड असतं आणि एकाच फील्डमध्ये सगळ्या ओळींच्या रकमा व्हॅल्यू मार्कने, म्हणजे कॅरॅक्टर 253 ने, विभागून ठेवलेल्या असतात. कुठल्या फील्डमध्ये काय आहे हे डिक्शनरी सांगते. डी-प्रकारच्या, म्हणजे साठवलेल्या फील्डचं वर्णन करणाऱ्या, नोंदीत दुसऱ्या ओळीवर फील्डचा नंबर, तिसऱ्यावर कन्व्हर्जन (आतली किंमत कशी दाखवायची ते), चौथ्यावर शीर्षक, पाचव्यावर रुंदी आणि डावी-उजवी बाजू, सहाव्यावर एस (एकच व्हॅल्यू) किंवा एम (अनेक), सातव्यावर असोसिएशन, म्हणजे ज्यांच्या व्हॅल्यू जोडीने चालतात अशा फील्डांचा गट. आय-प्रकारात, म्हणजे हिशेबाने काढायच्या फील्डसाठी, दुसऱ्या ओळीवर थेट सूत्र.

यातलं काहीच शोभेचं नाही. आकड्याच्या फील्डला पाचव्या ओळीवर उजवीऐवजी डावी बाजू दिली, तर 10 हे 9 च्या आधी येतं आणि 'पेक्षा जास्त'ची अटही अक्षरांसारखी तपासली जाते. एवढी ताकद असूनही डिक्शनरी सक्ती कशाचीच करत नाही. सहाव्या ओळीवर एस असलेल्या फील्डमध्ये प्रोग्रामने चाळीस व्हॅल्यू लिहिल्या तरी कुणी अडवत नाही.

रिपोर्टमधली स्थानिक चलनातली रक्कम एका आय-नोंदीतून येत होती. सूत्र साधं: ओळीची रक्कम गुणिले विनिमय दर. आय-नोंदीत दोन मल्टिव्हॅल्यू फील्डचा गुणाकार जोडीजोडीने होतो, आणि एका बाजूला व्हॅल्यू कमी पडल्या की रिकाम्या जागी शून्य धरलं जातं. 1200, 800 आणि 500 युरोच्या तीन ओळी, दर 1.1 एकदाच लिहिलेला. उत्तर 1320, 0, 0. बेरीज व्हायला हवी होती 2750.

पूर्वी दर प्रत्येक ओळीसाठी लिहिला जायचा. मधे कधीतरी ऑर्डर एंट्रीचा प्रोग्राम बदलला आणि दर ऑर्डरमागे एकदाच लिहिला जाऊ लागला. हा बदल योग्यच होता. डिक्शनरीत मात्र दर अजून एम, ओळींच्या असोसिएशनमध्ये. तपशीलवार यादीत ती शून्यं कुणालाही दिसली असती. पण रिपोर्टमध्ये तपशील दाबून फक्त शाखेची बेरीज छापायची सोय वापरलेली. वरिष्ठांना एका पानात सगळं हवं असतं.

दुरुस्ती एका शब्दाची. सूत्रात दराभोवती रीयूज फंक्शन घातलं, की शेवटची व्हॅल्यू उरलेल्या ओळींना लागू होते. जुन्या ऑर्डरींत दर ओळीमागे असल्यामुळे तिथे काही बदलत नाही. यानंतरही शाखेचा नफा दाखवणारा कॉलम जुनेच आकडे देत राहिला, कारण ती दुसरी आय-नोंद पहिलीवर उभी होती आणि तिचं कंपाइल झालेलं रूप जुनंच होतं. आतली नोंद बदलली म्हणून बाहेरची आपोआप कंपाइल होत नाही. अख्ख्या फाइलवर सीडी, म्हणजे डिक्शनरी कंपाइल करणारी कमांड, चालवावी लागते, आणि डिक्शनरीच्या प्रती इतर अकाउंट्समध्ये असतील तर तिथेही.

त्याच डिक्शनरीत याहून वाईट एक नोंद सापडली. नफ्यासाठी मालाची किंमत ट्रान्स फंक्शनने, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून व्हॅल्यू वाचून, आयटम मास्टरमधून आणलेली, म्हणजे आजची. किंमत बदलली की मागच्या वर्षाचा नफाही बदलणार. ट्रान्सने ग्राहकाचं नाव, शाखेचा पत्ता आणावा. त्यासाठी ते झकास आहे. व्यवहाराच्या दिवशी गोठायला हवा असा आकडा रेकॉर्डमध्येच लिहिलेला असला पाहिजे. एकाच फील्डला दोन नावं देणं मात्र मला अजिबात खटकत नाही. तारीख आत 31 डिसेंबर 1967 पासूनच्या दिवसांत असते. 20000 म्हणजे 3 ऑक्टोबर 2022. त्याच फील्डवर एक नोंद पूर्ण तारीख दाखवते, दुसरी फक्त महिना. डिक्शनरीचं खरं काम हेच.

दराची ती नोंद लिहिली गेली तेव्हा बरोबर होती, प्रोग्रामरचा बदलही बरोबर होता. मग चूक नोंदवायची कुणाच्या नावावर, यावर अजून वाद चालू आहे. आमच्याकडे प्रोग्राम तपासूनच पुढे जातात, डिक्शनरी मात्र कुणीही एडिटर उघडून बदलतो. मी आता प्रत्येक फाइलच्या डी-नोंदी वाचून, सहाव्या ओळीची प्रत्यक्ष रेकॉर्डमधल्या व्हॅल्यूंच्या संख्येशी तुलना करणारा प्रोग्राम रात्रीच्या जॉबमध्ये लावलाय. एका असोसिएशनमधल्या फील्डांची लांबी एकमेकांशी जुळते का, हेही तो बघतो. पहिली यादी बरीच लांब निघाली. त्यातलं किती निरुपद्रवी आहे हे सांगू शकेल असा माणूस क्लायंटकडे उरलेला नाही.